दुखेपर्यंत चालायचं

११ नोव्हेंबर

काल पुण्याला जाऊन आलो. उजव्या मांडीतली मोठी रक्तवाहिनी बंद झाली आहे. डॉक्टरबाई तरुण आहेत. त्यांनी संगणकावर चित्र दाखवलं. एक जाड काळी रेघ वरून येते आणि मांडीच्या मध्यावर संपते. गुडघ्याजवळ पुन्हा सुरू होते. मधल्या रिकाम्या जागेत केसांसारखं काहीतरी होतं. हे काय, म्हणून विचारलं.

"या नव्या वाटा. तुमच्या शरीरानं स्वतःच काढल्यात."

सहासष्टाव्या वर्षी शरीरात नवं काही होत असेल, असं मला वाटत नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं. चालताना पोटरी दुखते, कारण तिला रक्त पुरत नाही. रक्त न मिळालेला स्नायू एक बोलावणं पाठवतो. ते जवळच्या बारीक वाहिन्यांना पोचतं. त्यांना फुटवा फुटतो, आणि तो बोलावणाऱ्याच्या दिशेनं वाढत जातो. आधीच्या अरुंद वाटाही रुंदावतात. पण बोलावणं गेलं पाहिजे. बसून राहिलं तर ते जात नाही.

म्हणून रोज चालायचं. दुखेपर्यंत चालायचं. दुखलं की थांबायचं, गेलं की पुन्हा चालायचं. विडी बंद. मार्चमध्ये परत दाखवायचं. फरक नसेल तर ऑपरेशन.

"आणि ते जमलं नाही तर?"

"मग पाय," म्हणाल्या आणि थांबल्या.

रोज कुठवर चाललात ते लिहून ठेवा, असंही सांगितलं. म्हणून ही वही. अंतर मोजता येत नाही. जागा लिहीन.

प्रतीक्षाला फोन केला. तिकडे हैदराबादला ती मीटिंगमध्ये होती.

१२ नोव्हेंबर

ऊन वर आल्यावर निघालो. उसात बिबट्या आहे, अंधारात कोणी निघत नाही. वारूळवाडीत राहून इतकी वर्षं झाली, पण कालव्याच्या रस्त्यानं कधी पायी गेलो नव्हतो. नोकरी जुन्नर स्टँडला. सकाळी एसटीनं जायचं, रात्री एसटीनं यायचं.

शाळा ओलांडली. दादाभाऊची पिठाची गिरणी ओलांडली. पुढच्या घरासमोर पोटरी आवळली. पुढे एक पाऊल टाकवेना. ओट्यावर ताडपत्री होती, काही माणसं बसली होती. मीही टेकलो. एकाने सरकून जागा दिली. कोणी 'या' म्हणालं नाही. मग लक्षात आलं, हे मयताचं घर आहे.

उठावं असं वाटलं. पाय उठू देईना. घशाला कोरड पडली होती. "जरा पाणी मिळेल का?" म्हणालो. आतून एक बाई दारात आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग तांब्या आला.

बाजूचा माणूस म्हणाला, "एकाएकीच झालं न्हाई का?"

"हो," मी म्हणालो.

"परवा रातच्याला मोटर भरून ठिवली व्हती त्यांनी. अशीच हाय ती."

दुखणं गेल्यावर उठलो. अशा घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. मी म्हणालो नाही.

आज कुठवर: गिरणीच्या पुढचं घर.

१३ नोव्हेंबर

पुन्हा त्याच दारात दुखलं. चालायचं तर त्याच वाटेनं, दुखायचं तर तिथंच. ओटाही तिथंच आहे. बसलो.

गेलेल्याचं नाव गेणभाऊ. पाण्याच्या मोटरी जळाल्या की त्यांच्याकडे आणायचे. ते तारा काढून नव्या भरायचे. घाटाकडच्या गावातून खाली आलेलं माणूस. मुलगा सयाजी चाकणला कंपनीत आहे. हे सगळं मला सांगितलं गेलं, मी विचारलं नव्हतं. तिथे बसणारा प्रत्येक जण गेणभाऊंचा, असं सगळे धरून चालतात.

न बोलता निघालो.

आज कुठवर: गेणभाऊंचं दार.

२० नोव्हेंबर

नदीवर दहावा झाला. मला कोणीतरी बोलावलं होतं. गेलो नाही, तो माझा हक्क नव्हता.

आज ओट्यावर ताडपत्री नव्हती. कोणी नव्हतं. पाय मात्र नेमका तिथंच दुखला. ओट्याच्या कडेला बसलो, घराकडे पाठ करून.

माझी बायको द्रौपदा गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला अंगण भरलं होतं. सतरंज्या दुसऱ्या दिवशी विहारात परत केल्या. त्यानंतर आमच्या दारात कोणी बसलं नाही. मीही कोणाला बस म्हणालो नाही.

आज कुठवर: गेणभाऊंचं दार.

२७ नोव्हेंबर

आज त्या बाई बोलल्या. लंकाबाई नाव. उंबऱ्यात उभ्या राहून विचारलं, "तुमची यांची वळख कुठली?"

मी म्हणालो, "अशीच."

त्या हसल्यासारखं वाटलं. तोंडाला पदर होता, नीट दिसलं नाही.

खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही. उद्या सांगून टाकावं, पाय दुखतो म्हणून बसतो. पण मग बसता येईल का?

३ डिसेंबर

सांगितलं नाही.

त्यांनी चहा आणला. मग नाव विचारलं. भागुजी, म्हणालो. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. मी कपाकडे बघत होतो. असं बघायची सवय आहे, जात नाही. त्या म्हणाल्या, "साखर कमी हाय का?" मी म्हणालो, बरोबर आहे.

आडनाव कळल्यावर कप बदलतो का, ते दुसऱ्या दिवशीही बघायला हवं.

४ डिसेंबर

तोच कप.

काय करत होता, असं विचारलं. एसटीत, म्हणालो. "ठावं हाय," म्हणाल्या. कोणीतरी सांगितलं असेल.

११ डिसेंबर

थंडी फार. टोमॅटोच्या गाड्या पहाटेपासून नारायणगावकडे जातात, त्यांच्या आवाजाने जाग येते. उठून करायचं काही नसतं. ऊन येईपर्यंत बसून राहिलो.

आज ओट्यावर एक लाकडी खुर्ची होती. उन्हात टाकली असावी, ढेकणांसाठी. बाजूलाच होती म्हणून तिच्यावर बसलो. ओट्यावरून उठताना गुडघ्याला त्रास होतो, तो झाला नाही.

१६ डिसेंबर

खुर्ची अजून बाहेरच आहे. आत न्यायला कोणी नसेल.

२४ डिसेंबर

लंकाबाईंनी मागचा पडवीचा भाग दाखवला. मोटरी ओळीनं ठेवलेल्या. काहींना चिठ्ठ्या आहेत, काहींना नाहीत.

"कुणाच्या कोन्च्या, त्यांनाच ठावं. मान्सं येत्यात, आपली उचलून नेत्यात. ही एक कुनी नेईना." त्यांनी एका मोटरीला हळूच हात लावला. "शेवटची भरलेली."

मी बघत होतो. तारा नव्या होत्या, तांब्याचा रंग अजून गेला नव्हता. गेणभाऊ कसे होते, असं त्या विचारतील अशी भीती वाटत होती. त्यांनी विचारलं नाही. उलट त्याच सांगत बसल्या. ते बोलायचे नाहीत. जेवताना रेडिओ लागायचा. मीठ कमी असलं तर मिठाच्या बरणीकडे बघायचे.

मीही तसंच करायचो. सांगितलं नाही.

निघालो तेव्हा त्या रस्त्यापर्यंत आल्या. बाकी काम नसावं.

६ जानेवारी

काल संध्याकाळी विडी ओढली. स्टँडवर गेलो होतो, उगाच. आता तिथे गाड्या पुकारायला माइकवर नवा मुलगा आहे. भरभर बोलतो. बायका पुन्हा पुन्हा खिडकीशी येऊन विचारतात. मी तिथे होतो तेव्हा प्रत्येक गाव दोनदा सांगायचो, हळू. कोणी सांगितलं नव्हतं, आपलं आपण. एका माणसाचा जन्म त्या माइकसमोर गेला. ऐकणाऱ्यांकडून परत काही आवाज यायचा नाही. माइकला तसा येत नाही.

विडी ओढून झाल्यावर लाज वाटली. पाकीट मोरीत टाकलं.

आज दुखणं गिरणीशीच आलं. खुर्चीपर्यंत कसाबसा पोचलो.

१५ जानेवारी

दादाभाऊला मागेच पायाचं सगळं सांगितलं होतं. आज तो गिरणीच्या दारातून ओरडला, "भाऊ, तुमचा पाय लई हुशार हाय राव! बरुबर च्या बघून दुखतो. आमच्या दारात कवा दुखला न्हाई."

मी म्हणालो, "तुझ्या दारात पीठ उडतं."

तो हसला. मीही हसलो. खूप दिवसांनी हसलो असावा, गाल ओढल्यासारखे झाले.

मग मनात आलं, लोक काय म्हणत असतील. पण दुखतं ते दुखतं. डॉक्टरांचं सांगणं आहे.

२९ जानेवारी

आल्या आल्या लिहायला बसलो.

आज गेणभाऊंच्या दारात पोचलो आणि पाय दुखला नाही. थांबलो, वाट बघितली. नाही. रक्त पोचलं. कुठून तरी वाट झाली. मांडीला हात लावून बघितला. बाहेरून काही कळत नाही.

लंकाबाई दारात होत्या. "आज बसनार न्हाई?"

"आज दुखलं नाही!" मी मोठ्याने म्हणालो.

तेव्हा कळलं, हे त्यांना प्रथमच सांगतो आहे. पाय दुखतो म्हणून बसायचो, हे आता उघड झालं. त्या काही विचारतील असं वाटलं. "बरं झालं की," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांनाही आनंद झाला असावा.

मी तसाच पुढे गेलो. डांबरी रस्ता संपेपर्यंत. तिथे दुखलं. बसायला काही नव्हतं, विजेच्या खांबाला धरून उभा राहिलो.

प्रतीक्षाला फोन केला. "ग्रेट, बाबा," म्हणाली. मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं.

४ फेब्रुवारी

आज कुठवर: कालव्याच्या पुलापर्यंत. सगळा रस्ता न थांबता.

पुलापलीकडे ऊस आहे. ऊस संपला की द्राक्षबाग आहे. माणूस नाही.

जाताना गेणभाऊंच्या दारावरून हात वर केला. खुर्ची बाहेर होती. त्या दिसल्या नाहीत.

७ फेब्रुवारी

पुलापर्यंत. खुर्ची बाहेर.

१२ फेब्रुवारी

आज मुद्दाम भरभर चाललो. शाळेपासून जवळजवळ धावल्यासारखा. गेणभाऊंच्या दारात दुखायला हवं होतं. धाप लागली, घाम आला, पाय दुखला नाही. दारासमोर थांबून चप्पल झटकली, खडा नव्हता तरी. मग पुढे जावं लागलं.

असं का केलं कळत नाही. पाय बरा व्हावा म्हणून तीन महिने चाललो.

१३ फेब्रुवारी

घरीच.

२० फेब्रुवारी

पुलापर्यंत. खुर्ची ओट्यावर नव्हती.

जिथे तिचे पाय टेकत होते तिथे शेणसारवणात चार खळगे पडले आहेत. रस्त्यावरून दिसतात.

१० मार्च

पुणे. डॉक्टरबाईंनी दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून दाब बघितला. चालायला लावलं, पुन्हा बघितला. खूश झाल्या. ऑपरेशन नको. पाय राहिला.

मी विचारलं, "चित्र काढलं तर त्या नव्या वाटा दिसतील?"

"बारीक आहेत. सगळ्या दिसणार नाहीत. तुम्ही चालताय, म्हणजे आहेत."

"आता चाललो नाही तर?"

"मग हळूहळू मिटतात. शरीर न वापरलेली वाट ठेवत नाही, काका. चालत राहायचं."

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. चाकणला गाडी थांबली, कंपन्यांची सुटी झाली होती, माणसंच माणसं. पाय राहिला हे सांगायला हवं होतं. कोणाला सांगायचं ते मंचरपर्यंत ठरवत होतो. प्रतीक्षाला रात्री सांगता येईल. पण सांगायचं तिला नव्हतं.

११ मार्च

ऊन यायची वाट न बघता निघालो. उसाकडे बघितलं नाही. गेणभाऊंच्या दाराला कुलूप. मागच्या पडवीत मोटरी नाहीत.

दादाभाऊ गिरणी झाडत होता. म्हणाला, "सयाजी घिऊन गेला चाकनला. एकली कशी ऱ्हानार? चार दिस झालं." मग झाडू टेकवून माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमाला ठावं नव्हतं व्हय? मला वाटलं, तुमाला सांगून गेली असंल."

काल चाकणला माझी गाडी उभी होती. मी खिडकीजवळ होतो.

ओट्यावर बसलो. पाय दुखत नव्हता.

१२ मार्च

ओट्यावर बसलो.

१४ मार्च

ओट्यावर बसलो. दादाभाऊनं चहा आणून दिला. त्याने या वेळी थट्टा केली नाही. त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

"येतील का परत?" मी विचारलं.

"घर हाय की हितं," तो म्हणाला. एवढंच.

पुलापर्यंत गेलो नाही. जायला हवं, वाटा मिटतील. उद्या जाईन.

१९ मार्च

गिरणीशी आलो तेव्हाच दिसलं, दार उघडं आहे. ओटा सारवलेला, ओला. चार खळगे बुजलेले. खुर्ची सारवणाच्या बाहेर, पायरीवर.

मी रस्त्यातच उभा राहिलो. लंकाबाई हात धूत बाहेर आल्या.

"कधी आलात?"

"काल सांजच्याला. करमंना तितं. तिसऱ्या माळ्यावर घर. दारात कुनी थांबायचं तर लिफ्टनं यावं लागतं." हात पदराला पुसले. "मोटरी दिल्या सगळ्या भंगारवाल्याला. ती शेवटची न्हाई दिली. घरात हाय."

मी म्हणालो, "मला एक सांगायचं होतं. गेणभाऊंची आणि माझी ओळख नव्हती."

"ठावं हाय की."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. ह्यांना मैतर न्हवता. मोटर आनायची, मोटर न्यायची, एवढीच मान्सं. त्यात तुमी कवा दिसला न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमी पानी मागितलं. मी आत व्हते, रडून रडून डोकं फुटायला आलेलं. आवाज ऐकला नि म्हनलं, अरं, ही तर घाटघर गाडी!"

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. माहेर घाटघर. जुन्नरला गाडी बदलायची. सयाजी कडेवर, हातात पिशव्या, पाटी वाचता यायची नाही. कोणाला विचारावं तर गर्दी. मग कर्ण्यातून आवाज यायचा. घाटघरला जाणारी गाडी लागली आहे. पुन्हा एकदा, हळू. घाटघरला जाणारी गाडी.

"तुमी दुसऱ्यांदा नाव घेतलं की मी उठायची. पयल्यांदा कानावर इस्वास बसायचा न्हाई. सासरी नांदायला आल्यापासून त्यो आवाज ऐकते मी. मानूस कवा बघितला नव्हता."

मग त्यांनी विचारलं, "पाय कसा हाय? कापावा लागंल म्हनं, दादाभाऊ सांगत व्हता."

"वाचला."

"मग आज दुखत न्हाई."

मी मांडीवर हात ठेवला. आतमध्ये त्या वाटा असतील. दिसत नाहीत, पण मी इथपर्यंत चालत आलो होतो.

"दुखतोय," मी म्हणालो.

लंकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पायरीवरची खुर्ची उचलली, सारवण वाळलं होतं त्या कोपऱ्यात ठेवली.

"दुखतोय तर बसा. दुखायचं ऱ्हाईपर्यंत बसा."

चहा झाला. त्यांनी चाकणचं सांगितलं, सुनेचं सांगितलं. मी द्रौपदाचं थोडं सांगितलं. मिठाच्या बरणीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "सगळे पुरुष एकच हायती मेले."

मी उठलो तेव्हा म्हणाल्या, "एक इचारू का? तुमी जाताना कवा 'येतो' म्हनत न्हाई. दुखवट्याला आल्यासारखं उठून जाता. रोज वाटायचं, हे पावणं काय उद्या येत न्हाईत."

मला ते माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी म्हणालो नव्हतो, तेव्हापासून तसंच चाललं होतं.

पायरी उतरलो. रस्त्यावर आलो. मागे वळून म्हणालो, "येतो."

नीट निघालं नाही. म्हणून पुन्हा एकदा म्हणालो, हळू, माइकवर म्हणायचो तसं. गिरणीतून दादाभाऊनं डोकं बाहेर काढून बघितलं.

"या," लंकाबाई म्हणाल्या.

आज कुठवर: लंकाबाईंचं दार.